निळोजीराव

सकाळी दहाला आमच्या घरी आलात तर निळोजीरावांची भेट व्हायची नाही. हंगामात तोवर बिद्रीच्या रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असते, डेअरीला दूध घालून माणसं परतलेली असतात, पोरं शाळेला गेलेली असतात. हे मात्र टाकीवर काळेठिक्कर होऊन लटकलेले. अकराला त्यांना जाग येते, तीही सावकाश. आधी दोन-चार जांभळे ठिपके उघडतात, मग वाळूवर निळसर झाक पडते, आणि पुरतं उगवायला त्यांना दीड तास लागतो. त्या दीड तासात त्यांच्या मागे घाई लावायची नाही. त्याचं कारण पुढे येईल.

निळोजीराव म्हणजे आमच्या समुद्राच्या टाकीवरचा एलईडी दिवा. टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल. पाणी 180 लिटर. समुद्र आमच्यापासून लांब. मुदाळ तिट्ट्यावरून राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरावा, तेव्हा कुठे कोकण लागतं. म्हणून इथला समुद्र पिशवीतून येतो. आरओच्या पाण्यात लिटरला 35 ग्रॅमच्या हिशेबानं समुद्री क्षारांचं मिश्रण कालवायचं. टाकीभर समुद्राला सहा किलोंच्या वर मीठ लागतं. त्यात दगड, वाळू, दोन क्लाउनफिश आणि दगडांना चिकटून बसलेले काही मऊ प्रवाळ. मशरूम म्हणतात ते चपटे, बशीसारखे. झोआ म्हणतात ते झुबक्यानं उगवणारे, फुलांसारखे. आणि एक लेदर, कातडी छत्रीसारखा.

नाव शेजारच्या आजींमुळे पडलं. पहिल्या दिवशी त्या दारात उभ्या राहून टाकीकडे बघतच राहिल्या आणि म्हणाल्या, "आगं बया! समदं निळीत बुचकाळून काढल्यागत दिसाय लागलंय की!" धोतरं-सदरे निळीत काढण्यात ज्यांची उमर गेली त्यांचा शेरा होता, त्यामुळे तो टिकला. 'राव' मात्र त्यांनी आपल्या वागण्यानं मिळवलं.

दिसायला ते फार नाहीत. जेवायच्या पाटाएवढा अ‍ॅल्युमिनियमचा देह, पाठीवर उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्यांची रांग, दोन छोटे पंखे, आणि पोटाला पाऊणशेच्या आसपास डोळे. पाण्यापासून नऊ इंचांवर दोन तारांनी टांगलेले. पण संध्याकाळी खोलीतले बाकीचे दिवे मालवले आणि यांचं एकट्याचं राज्य सुरू झालं की रुबाब बघावा. मशरूमच्या कडा हिरव्यागार पेटतात, झोआंच्या मधोमध केशरी ठिपके निखाऱ्यासारखे दिसतात, आणि घरात आलेला प्रत्येक माणूस आधी "आयला!" म्हणतो आणि मग चप्पल काढतो.

इथे त्यांची पहिली खोड सांगायला हवी. प्रवाळांच्या या रंगाचं श्रेय ते निम्म्याहून जास्त स्वतःकडे घेतात. खरा कारागीर प्रवाळ आहे. त्याच्या अंगात काही प्रथिनं अशी असतात, की ती निळा उजेड पितात आणि हिरवा किंवा केशरी करून परत देतात. निळोजीरावांचा 450 नॅनोमीटरच्या आसपासचा गडद निळा त्यांना नेमका मानवतो. दुकानात त्यांची बिरादरी हाच खेळ करून गिऱ्हाइकाला गुंगवते. सगळ्या टाक्या गडद निळ्या ठेवलेल्या, सगळे प्रवाळ पेटलेले. घरी आणून थोडा पांढरा उजेड मिसळला की तोच प्रवाळ मातकट तपकिरी दिसतो आणि माणूस फसल्यासारखा बसतो. दुकानात गेलात तर दिव्याचे पांढरे चॅनेल चालू करायला सांगा आणि मग प्रवाळ बघा. हाच नियम दिवा घेतानाही लागू आहे. चकाकीवर भाळून दिवा घेऊ नये.

फोटो काढून घ्यायलाही ते तयार नसतात. मोबाइल धरला की नुसता निळा डाग येतो, मासा कुठला आणि दगड कुठला ते कळत नाही. भिंगापुढे केशरी फिल्टर धरला की मग खरे रंग येतात. आमच्या घरी पाहुण्यांसाठी तो फिल्टर टाकीशेजारी खिळ्याला अडकवलेला असतो.

आता त्यांच्या कामाचं. ते शोभेला टांगलेले नाहीत. या टाकीचं जेवण त्यांच्या हातचं आहे.

बिद्रीच्या माणसाला हे पटकन कळतं, कारण आमचं गावच साखरेच्या धंद्यावर उभं आहे. प्रवाळ हा प्राणी. त्याच्या पेशींच्या आत सूक्ष्म शैवाल राहतं. झूझँथेली हे त्याचं शास्त्रातलं नाव. एका चौरस सेंटिमीटरच्या जागेत ही बिऱ्हाडं दहा लाखांच्या घरात भरतात. उजेड पडला की शैवाल साखर करतं आणि तिचा मोठा वाटा घरमालकाला देतं. कित्येक प्रवाळांची 90 टक्क्यांपर्यंतची भूक याच साखरेवर भागते. प्रवाळ त्या बदल्यात राहायला जागा देतो, कार्बन डायऑक्साइड देतो आणि आपल्या पोटातून निघणारं नत्र-स्फुरद खत म्हणून देतो. शिवार, ऊस, कारखाना आणि सभासद असा सगळा संसार त्या बोटभर कातडीत मांडलेला असतो. गळीत हंगाम मात्र बारमाही, आणि सूर्य म्हणजे निळोजीराव.

हे नातं मला फार आवडतं, कारण ते फिरून आमच्याच दाराशी येतं. इथल्या दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यात रस निघाल्यावर उरलेल्या चिपाडावर, म्हणजे बगॅसवर, वीज तयार होते आणि ग्रीडला जाते. शिवारावर पडलेलं ऊन उसात शिरतं, उसातून चिपाडात, चिपाडातून तारेत. त्यातलं चिमूटभर निळोजीरावांच्या हातून पुन्हा साखर होऊन एका झोआच्या तोंडी पडतं. उन्हानं एवढा वळसा घेतलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मग निळाच का, असं लोक विचारतात. पिवळा चालला असता, पांढरा चालला असता. त्याचं उत्तर समुद्राच्या पाण्यात आहे. पाणी तांबडा उजेड आधी गिळतं. पाच-दहा मीटरांच्या खाली तो जवळपास संपतो. निळा सगळ्यात खोल पोचतो. लाखो वर्षं प्रवाळांच्या वाट्याला जे आलं त्यावरच त्यांच्या शैवालाची पचनशक्ती बसली. त्याचं हरितद्रव्य आणि पेरिडिनिन नावाचं तांबूस रंगद्रव्य निळ्या-हिरवट पट्ट्यात जेवतं. तांबड्याची चिमूट पुरते. तो ओंजळीनं वाढला तर प्रवाळापेक्षा नको असलेलं शेवाळ आधी माजतं आणि दगडांना हिरवी दाढी फुटते.

तांबड्याशी निळोजीरावांची भाऊबंदकी तशी जुनी आहे. डोळ्यांना दिसणारा तांबडा एलईडी 1962 मध्येच तयार झाला. तो थोरला. निळ्याला जन्माला यायला तीस वर्षं लागली. लख्ख निळा एलईडी 1993 मध्ये जपानात शूजी नाकामुरा यांनी निचिया कंपनीत करून दाखवला. त्या कामाची पायाभरणी इसामू आकासाकी आणि हिरोशी आमानो यांनी केली होती. तिघांना मिळून 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. घराणं मोठं आहे, आणि निळोजीराव ते विसरत नाहीत.

त्यांच्या आधी या गादीवर मेटल हॅलाइड होते. 250 वॅटचा एकेक दिवा, खाली उभं राहिलं तर चुलीसमोर बसल्यासारखी धग. उजेड देखणा, उन्हासारखा झुळझुळणारा. पण पाणी इतकं तापायचं की वरून ते गार करायला वेगळं यंत्र घ्यावं लागायचं. एप्रिल-मेच्या कोल्हापुरात हे म्हणजे आगीत तेल. निळोजीरावांची धग पाठीकडून वर जाते, पाण्यात कमी उतरते. शंभर वॅटचा दिवा रोज आठ तास पुऱ्या ताकदीनं चालला तर महिन्याला 24 युनिट होतात, आणि ते सहसा पुऱ्या ताकदीनं चालतच नाहीत. माझ्या मते एवढ्यासाठी तरी त्यांना गादीचा मान द्यायला हवा.

पण वॅट विचारून त्यांची पारख करू नका. घरी येणारे दहातले नऊजण पहिला प्रश्न तोच करतात. "किती वॅट?" आमच्या जिल्ह्यात पैलवानाचं वजन विचारणारे खूप, खासबागेच्या आखाड्यात, तांबड्या मातीत उतरल्यावर मात्र बघणारे पकड बघतात. दिव्याची पकड म्हणजे पार (PAR). 400 ते 700 नॅनोमीटरच्या पट्ट्यातले प्रकाशकण एका चौरस मीटरवर सेकंदाला किती मायक्रोमोल पडले, त्याचं हे माप. उष्ण कटिबंधातल्या भर दुपारच्या उन्हात ते 2000 च्या जवळ जातं. मशरूमना 50 ते 100 पुरतं, झोआ आणि लेदर 100 ते 200 मध्ये खूश असतात.

कोल्हापुरातल्या एका मित्राचा मीटर आणून आम्ही टाकी मोजली. वाळूवर 60, मधल्या दगडावर 110, वरच्या टोकाला 180. वीत-दोन विती अंतरात तिप्पट फरक. ते तीन आकडे कागदावर लिहून टाकीच्या मागे चिकटवले आणि त्या दिवसापासून कोणता प्रवाळ कुठे बसवायचा हा वाद घरात मिटला. मोबाइलवरच्या लक्स मोजणाऱ्या अ‍ॅपवर विसंबू नका. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे, आणि आपला डोळा निळ्याला कमी भाव देतो. जुन्या पद्धतीचे काही पार-मीटरसुद्धा निळ्याला कमी लेखतात. हे दिवे डोळ्याला मवाळ वाटतात आणि कामाला जबर असतात. यात भले भले फसतात.

आता त्यांचा राग. तो एकदाच पाहिला, पुरे झाला.

टाकीत पहिला मशरूम आला तेव्हा घरात सण होता. सगळ्यांना तो लख्ख बघायचा होता. दिवा शंभर टक्क्यांवर ठेवला, सकाळी दहा ते रात्री दहा. पहिल्या दिवशी मशरूम पुरीसारखा फुगला. तिसऱ्या दिवशी कडा आत वळल्या. आठवड्याच्या आत हिरवा गेला, तपकिरी गेला, आणि दगडावर पाच रुपयांच्या नाण्याएवढा पांढुरका, सुरकुतलेला गोळा उरला. भिंग लावून पाहिलं तर त्याच्या पातळ झालेल्या कातडीतून आतल्या बारीक रेघा दिसत होत्या. उजेड झेपेनासा झाला की शैवालाच्या साखर करण्याच्या यंत्रणेतून प्राणवायूची घातक रूपं बाहेर पडू लागतात, आणि प्रवाळ जीव वाचवायला त्या बिऱ्हाडांना घराबाहेर काढतो. सभासद गेले, कारखाना बंद, रंगही गेला. समुद्रात पाणी तापल्यावर प्रवाळ पांढरे पडतात, त्याची घडण बरीचशी हीच.

त्याला दगडासकट वाळूवर, सावलीच्या कोपऱ्यात उतरवलं. निळोजीरावांना 30 टक्क्यांवर आणलं. मग आठवड्याला पाच टक्क्यांनी वाढ. दोन महिन्यांनी कडेला मोहरीएवढा हिरवा ठिपका परत आला. त्या दिवशीही घरात सण झाला, पण दिव्याला कुणी हात लावला नाही. नव्या खोंडाला पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाहीत, हे ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माहीत, त्यांनाही दिव्याच्या बाबतीत ते पुन्हा शिकावं लागलं. आता सकाळचा तो दीड तास कुणाला लांब वाटत नाही.

दुसरा दोष पक्षपाताचा. पंगतीत काही वाढपी असतात, ओळखीच्या पानाशी थांबून जिलेबी वाढतात आणि टोकाच्या पानावर नुसता वास पोचतो. दिव्याचं भिंग अरुंद असलं की त्याचंही तसंच होतं. बरोबर खाली रणरणतं ऊन, कडेला संध्याकाळ. 60 अंशांचं भिंग उजेड खोल घुसवतं, 120 अंशांचं तो पसरवतं. दीड फूट खोलीच्या टाकीला खोल घुसणारा लागतच नाही. आमच्याकडे आधी एकच मोठा दिवा होता, तेव्हा लेदरच्या छत्रीखाली कायमची अमावास्या. तो काढून त्याच ताकदीत बसणारे दोन छोटे घेतले असते तर सावल्या एकमेकांनी पुसल्या असत्या, पण तेवढे पैसे नव्हते. शेवटी निळोजीराव आले ते रुंद भिंगाचे, आणि त्यांना तीन इंच वर उचललं. मधला आकडा थोडा उतरला, कडेचा चढला. तीन फुटांच्या वर टाकी असेल तर मात्र एका दिव्यावर भागवू नका.

स्वस्तातल्या दिव्यांची आणखी एक उणीव आहे. निळा, पांढरा, तांबडा दाणा एकमेकांपासून लांब बसवलेला असला की पाण्याच्या लाटेबरोबर वाळूवर तांबडे-हिरवे ठिपके नाचतात. गणपतीच्या मांडवातली रोषणाई मांडवात शोभते. दाणे दाटीनं बसवलेले असले, की त्याच लाटेचे पांढरे-निळे धागे वाळूवर हलतात. दुपारी बारानंतर आमच्या टाकीत ते दिसतात आणि ज्यानं मालवणच्या उथळ पाण्यात डोकं बुडवून खाली पाहिलं आहे, त्याला ते लगेच ओळखू येतात.

मालवणचं नाव निघालं म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगतो. एकदा एक पाहुणे टाकी बघून इतके खूश झाले की म्हणाले, "दाजी, मालवणला असले दगड काठाला पडलेले असत्यात. पुढच्या खेपेला पोतंभर टाकतो गाडीत." त्यांचा भाव चांगला होता, पण त्यांना तिथल्या तिथे हात जोडले. दगडी प्रवाळ, म्हणजे खडक बांधणारे सगळे, शिवाय काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, सी फॅन, ऑर्गन पाइप हे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. जिवंत असो की मेलेला, उचलायचा नाही, विकायचा नाही, विकत घ्यायचा नाही. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासूनचं. तिथलं पाणी गढूळ, पावसाळ्यात तर चार महिने ऊन खाली पोचायची मारामार. तरी ते प्रवाळ तग धरून आहेत. त्यातला एक तुकडा आणून निळोजीरावांच्या ताटात वाढला, तर त्याचं कौतुक करणाऱ्यालाही मी समुद्राचा मित्र म्हणणार नाही. मऊ प्रवाळांची नावं त्या यादीत नसली तरी विकणाऱ्याला पावती मागा, हे कुठल्या टाकीत वाढले ते विचारा. छंदातल्या माणसांच्या टाकीत वाढलेला झोआचा तुकडा दुसऱ्याच्या टाकीत जातो, हीच या छंदाची चांगली रीत.

निळोजीरावांचा वैरी मीठ. पाणी खळखळलं की बारीक तुषार उडतात, वाळतात, आणि त्यांच्या डोळ्यांवर पांढरी पापडी धरते. महिनाभर पुसली नाही तर उजेड डोळ्यांदेखत उतरतो. दर रविवारी आरओच्या पाण्यात ओला केलेला मऊ फडका, दिवा बंद आणि गार झाल्यावर, हलक्या हातानं. ऊस वाहतुकीच्या दिवसांत रस्त्याची धूळ पंख्यांत बसते आणि ते घोरायला लागतात. घोरणं सुरू झालं की ब्रश घ्यायचा. एलईडीचा दाणा वर्षानुवर्षं टिकतो. आधी मरतो तो पंखा, नाही तर दाण्यांना वीज पुरवणारा ड्रायव्हर. म्हणून दिवा घेताना मी एकच प्रश्न हट्टानं विचारायला सांगतो: ड्रायव्हर आणि पंखा सुटा मिळतो का, आणि तो आपल्या इथला वायरमन बदलू शकेल का? काही हजारांपासून लाखाच्या घरापर्यंत दिवे मिळतात. लाखाचा दिवा दोनशे रुपयांच्या पंख्यासाठी परदेशी पाठवावा लागणार असेल, तर बिद्रीत तो उपयोगाचा नाही.

वीज गेली की मात्र त्यांचा सगळा मोठेपणा गळून पडतो, आणि मला ते तेव्हा अधिक आवडतात. पावसाळ्यात एकदा वादळानं झाड तारांवर आडवं झालं आणि रात्रभर व दुसरा अख्खा दिवस अंधार. इन्व्हर्टरवर एकच वायर लावता येणार होती. घरातल्या लहानांचा आग्रह दिव्यासाठी. पण उजेडावाचून प्रवाळ दिवस-दोन दिवस सहज काढतात. ढगाळ हवामान समुद्रालाही चुकत नाही. पाणी हलायचं थांबलं, तर मासे काही तासांतच गुदमरायला लागतात. वायर पाणी फिरवणाऱ्या पंपाला गेली. निळोजीराव काळोखात लटकून राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज आली तेव्हा, आपलं घड्याळ शाबूत ठेवून, ज्या वेळेला जेवढं जळायला हवं तेवढेच जळाले. काही दिव्यांना हे जमत नाही; वीज येताच ते वेळकाळ विसरून पुऱ्या ताकदीनं पेटतात आणि अर्धवट झोपेतल्या प्रवाळांना भाजून काढतात. घ्यायच्या आधी दुकानातच प्लग काढून परत लावून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

त्यांची उत्तम वेळ मात्र मावळतीची. साडेसातला पांढरा मागे सरतो. आजी याच वेळेला येऊन खुर्ची ओढून बसतात. टीव्हीवरची मालिका नंतर. निळा गडद होत जातो तसे झोआ मिटायला लागतात, सगळे एकदम नव्हे. आधी वरच्या दगडावरचे, मग मधले, एकेक करून तोंड आवळत, जत्रेतल्या दुकानांनी फळ्या लावाव्यात तसे. लेदर आपली केसाळ तोंडं आत ओढून गुळगुळीत होतो. मोठी क्लाउनफिश लेदरच्या बुडाशी अंग घासत शिरते, धाकटा तिच्या मागे. क्लाउनफिशांत मोठी ती मादी असते, हे आजींना सांगितलं तेव्हा त्या नुसत्या "बराबर हाय" म्हणाल्या. शेवटच्या दहा मिनिटांत फक्त चार दाणे जळत असतात, आणि त्या एवढ्याशा उजेडात परत आलेला तो मशरूम कडेनं हिरवा दिसतो. आता तो बशीएवढा आहे, आणि शेजारी त्याची तीन पिल्लं.

रात्रभर मंद निळा ठेवा, छान दिसतं, असं पुष्कळजण सुचवतात. आम्ही ठेवत नाही. प्रवाळाला रात्र हवी असते.

कोल्हापूरहून गारगोटीकडे जाताना बिद्रीला उतरलात तर या. संध्याकाळी सातच्या आत या. नऊला निळोजीराव विझतात, आणि नंतर कुणासाठीही पेटत नाहीत.